वय झालेल्या कुत्रीचे नाक कोरडे आणि खडबडीत झाले आहे, काय लावावे?

अबोली

नमस्कार. आमच्या घरी तांबू नावाची कॉकर स्पॅनियल जातीची कुत्री आहे आणि ती लवकरच अकरा वर्षांची होईल. गेल्या चार महिन्यांपासून तिचे नाक कोरडे पडत चालले आहे. सुरुवातीला झोपून उठल्यावर ते कोरडे लागायचे आणि थोड्या वेळाने पूर्ववत व्हायचे, त्यामुळे मी तिकडे फारसे लक्ष दिले नाही. आता मात्र नाकाच्या शेंड्यावर करड्या-पिवळसर रंगाचा थर बसला आहे, जणू ओला चिखल लागून तिथेच वाळला असावा, आणि त्यावरून बोट फिरवले तर पॉलिश पेपरासारखे खरखरीत लागते. 

गेल्या रविवारी ती माझ्या मांडीवर डोके ठेवून पडली होती. थराची एक कड सुटलेली दिसली आणि ती नखाने अलगद उचलली तर तिला बरे वाटेल, असे मला वाटले. कड निघाली, पण तिच्याबरोबर खालची कातडीही सोलली गेली आणि रक्ताचा एक थेंब वर आला. तांबू ओरडली नाही. तिने फक्त डोके उचलून माझ्याकडे पाहिले आणि उठून दुसऱ्या खोलीत जाऊन बसली. तेव्हापासून मला स्वस्थता नाही.

मी खोबरेल तेल लावून पाहिले, परंतु अर्ध्या मिनिटात ती ते चाटून टाकते. तिचे खाणे-पिणे व्यवस्थित आहे आणि फिरायला जाण्याचा उत्साहही आहे. कानांचा त्रास मात्र तिला दोन वर्षांपासून अधूनमधून होतो व औषध घातले की कमी होतो. नाक कोरडे असणे म्हणजे ताप असणे, असे लहानपणापासून ऐकले आहे, ते खरे आहे का? हे केवळ वयामुळे होते का? आणि चाटले तरी अपाय होणार नाही असे, नाकावर लावण्याजोगे नेमके काय आहे? ज्यांनी हे प्रत्यक्ष केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

रानवाट

अबोलीताई, सर्वप्रथम त्या रक्ताच्या थेंबाबद्दल स्वतःला दोष देत बसू नका. सुटलेली कड दिसली की हात तिकडे जातोच. माझाही गेला होता. मात्र यापुढे ती कधीही ओढू नका. वरचा थर सुटलेला दिसत असला तरी त्याची मुळे खालच्या जिवंत कातडीत घट्ट असतात, त्यामुळे ओढल्यावर जखम होते आणि त्या जखमेवर पूर्वीपेक्षा जाड खपली धरते.

आमच्या कुत्र्याला हा त्रास नवव्या वर्षी सुरू झाला आणि चौदाव्या वर्षी तो कुत्रा वारला, म्हणजे पाच वर्षे त्याच्या नाकाची निगा मी स्वतः राखली. पहिले काही महिने मीही तेलच लावत होतो व त्याचा काहीच उपयोग होत नव्हता. पुढे आमच्या पशुवैद्यांनी एक गोष्ट समजावून सांगितली आणि सगळा फरक तिथून पडला: तेल किंवा मलम नाकाला ओलावा देत नाही, ते असलेला ओलावा फक्त धरून ठेवते. वाळून कडक झालेल्या थरावर तेल चोपडणे म्हणजे सुकलेल्या भाकरीला तूप लावण्यासारखे आहे. वरून चकाकी येते, आत कोरडे ते कोरडेच. म्हणून आधी पाणी मुरवायचे आणि मग त्यावर मलमाचे झाकण घालायचे. हा क्रम उलटा झाला किंवा त्यातली पहिली पायरी गाळली, तर कितीही उत्तम मलम आणले तरी हाती काही लागत नाही.

आता प्रत्यक्ष कृती सांगतो. जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचा तळहाताएवढा तुकडा कोमट पाण्यात बुडवून पिळावा, म्हणजे तो ओला राहील पण त्यातून पाणी टपकणार नाही. पाणी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लागले तर ऊनही वाटू नये आणि गारही वाटू नये. ते कापड नाकाच्या शेंड्यावर नुसते टेकवून ठेवावे, नाकपुड्यांची भोके मोकळी राहतील असे पाहावे, आणि गार झाले की पुन्हा कोमट पाण्यात बुडवून घ्यावे. एकूण पाच ते दहा मिनिटे असे करावे लागते. थर भिजला हे रंगावरून कळते: करडा भाग फिका, किंचित पांढुरका व फुगीर दिसू लागतो, पाण्यात फार वेळ राहिल्यावर आपल्या बोटांची कातडी होते तसा. मग त्याच कापडाने एकाच दिशेने, दाब न देता पुसावे. जेवढे आपणहून सुटेल तेवढेच घ्यावे; उरलेले उद्या किंवा परवा निघेल. त्यानंतर नाक ओलसर असतानाच टाचणीच्या डोक्यापेक्षा थोडी मोठी, एवढीच पेट्रोलियम जेली बोटाच्या टोकावर घेऊन पातळ पसरावी. जाड थर देण्याचा मोह टाळावा, कारण तो नाकपुडीत जातो, त्याला धूळ चिकटते आणि कुत्रा तो सगळाच्या सगळा चाटून पोटात घेतो.

चाटण्याचा प्रश्न सर्वांनाच येतो. मी दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करून पाहिले आणि शेवटी रात्री झोपण्याआधीची वेळ ठरवली. दिवसभराने तो दमलेला असे. हनुवटी माझ्या गुडघ्यावर टेकवून पडला की मी हे सगळे करत असे आणि मलम लावून झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे त्याच्या कानामागे खाजवत बसत असे. तेवढ्यात त्याचा डोळा लागत असे व मलमाला मुरायला वेळ मिळत असे. पहिल्या दिवशी त्याने कापड अर्धा मिनिटही ठेवू दिले नव्हते. मी जबरदस्ती केली नाही. अर्धा मिनिट झाला की त्याला आवडीचा घास देऊन सोडून दिले आणि रोज थोडा थोडा वेळ वाढवत नेला. साधारण आठवड्याभरात तो कापडाची वाटी दिसली की स्वतःहून येऊन बसू लागला.

सुरुवातीचे दहा-बारा दिवस हे रोज करावे लागले, नंतर आठवड्यातून तीन वेळा पुरेसे झाले. एकदा प्रवासामुळे तीन आठवडे खंड पडला आणि परत आलो तर थर पूर्वीइतकाच जाड झालेला होता. म्हणून हे आधीच सांगून ठेवतो की हा उपाय बरे करणारा नसून आटोक्यात ठेवणारा आहे आणि तो कुत्र्याच्या आयुष्यभर चालू ठेवावा लागतो. भेग खोल गेली, तिच्यातून रक्त किंवा पू आला, तर मात्र घरगुती काही न लावता दाखवून घ्यावे. अशा भेगेत जंतुसंसर्ग लवकर होतो आणि ती फार दुखते.

श्वानवैद्य

मी लहान प्राण्यांवर उपचार करणारा पशुवैद्य आहे. रानवाट यांनी दिलेली कृती योग्य आहे आणि आधी पाणी, नंतर मलम हा त्यांचा मुद्दा मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक पालकाला सांगतो. त्यात काही भर घालतो.

प्रथम तापाविषयी. कोरडे नाक म्हणजे ताप हे खरे नाही. निरोगी कुत्र्याचे नाकही झोपेत, उन्हात बसल्यावर, हीटर किंवा एअर कंडिशनरजवळ पडून राहिल्यावर कोरडे व कोमट होते, आणि तापाने फणफणलेल्या कुत्र्याचे नाक ओले असू शकते. ताप पाहायचा तो गुदद्वारात थर्मामीटर घालूनच. कुत्र्याचे सामान्य तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस, म्हणजे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, आपल्यापेक्षा जास्त.

नाक ओले राहते ते तीन कारणांनी. नाकाच्या आत दोन्ही बाजूंना एकेक ग्रंथी असते आणि तिचा पातळ स्राव नाकपुडीच्या तोंडाशी येऊन पसरतो; डोळ्यातले अश्रू बारीक नलिकेतून नाकात उतरतात; आणि कुत्रा स्वतः जीभ फिरवत राहतो. या ओलाव्यात वासाचे कण अडकतात, शिवाय त्याच्या बाष्पीभवनाने नाक थंड राहते. २०२० साली स्वीडन व हंगेरी येथील संशोधकांनी दाखवून दिले की कुत्र्याला थोड्या अंतरावरची किंचित उबदार वस्तू तिच्या उष्णतेवरून ओळखता येते आणि त्यासाठी तो या थंड नाकाचाच उपयोग करत असावा. म्हणून पालक जेव्हा म्हणतात की नाकच तर आहे, खाणे नीट आहे ना, तेव्हा मी त्यांना थांबवतो. कुत्र्याचे निम्मे जग त्या शेंड्यातून आत येते.

उतारवयात सर्वांत जास्त दिसणारा प्रकार म्हणजे केराटिनची अतिवाढ. केराटिन हे आपल्या नखांत आणि केसांत असते तेच द्रव्य. कातडीचा वरचा थर एरवी झडत राहतो. या प्रकारात तो झडत नाही, साचत जातो, आणि त्याचे कधी खवल्यांसारखे तर कधी ब्रशच्या केसांसारखे उभे धागे तयार होतात. पंजांच्या गाद्यांच्या कडांनाही असेच होऊ शकते, तेव्हा त्या जरूर पाहाव्यात. कॉकर स्पॅनियलमध्ये हे बरेचदा आढळते. ज्यांचे नाक चपटे आहे अशा जातींमध्ये जीभ नाकापर्यंत नीट पोहोचत नाही, त्यामुळे त्यांच्यातही हा त्रास दिसतो. लॅब्रॅडॉरमध्ये एक आनुवंशिक प्रकार आहे, परंतु तो बहुधा वयाच्या सहा महिन्यांपासून वर्षभराच्या आतच सुरू होतो. अकराव्या वर्षी नव्याने सुरू झालेला त्रास तो नव्हे.

थर फार जाड असेल व भिजवून महिनाभरात फरक पडला नाही, तर युरिया, सॅलिसिलिक आम्ल किंवा प्रॉपिलीन ग्लायकॉल असलेली, थर मऊ करून सोडवणारी औषधे आम्ही देतो. ती मात्र ठरवून दिलेल्या तीव्रतेची आणि ठरलेल्या दिवसांपुरतीच वापरायची असतात. चिरलेल्या कातडीवर ती झोंबतात.

काय लावू नये हे मला अधिक आग्रहाने सांगायचे आहे, कारण नाकावर लावलेली प्रत्येक गोष्ट पोटात जाते. झिंक ऑक्साइड असलेली बाळांच्या लंगोटाच्या पुरळावरची क्रीम आणि माणसांची उन्हापासून बचावाची क्रीम लावू नये. झिंक वारंवार पोटात गेल्यास विषबाधा होते. टी ट्री तेल किंवा अन्य उग्र सुगंधी तेले लावू नयेत. ओठांना लावायच्या काही मलमांत झायलिटॉल हा गोडवा असतो आणि तो कुत्र्यांच्या रक्तातील साखर धोकादायकरीत्या खाली आणतो. दुखऱ्या सांध्यांवर चोळायची डायक्लोफेनॅकसारखी जेल कुत्र्याने चाटली तर पोटात व्रण होऊ शकतात आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. सोरायसिससाठी माणसे वापरतात त्या कॅल्सिपोट्रिऑलच्या मलमाची एक नळी कुत्र्याने चावली तर प्राणावर बेतू शकते. घरातील कोणी असे मलम स्वतःच्या हाताला लावत असेल, तर कुत्र्याच्या नाकाला हात लावण्यापूर्वी ते हात स्वच्छ धुतलेले असावेत. पेट्रोलियम जेली व तेलेही पातळ आणि नाकपुडीबाहेरच राहतील अशीच लावावीत. तेलकट पदार्थ पुन्हा पुन्हा श्वासाबरोबर आत गेला तर फुप्फुसाला सूज येऊ शकते.

आता ज्यांत मलमावर वेळ घालवू नये अशा खुणा. निरोगी नाकाच्या पृष्ठभागावर फरसबंदीसारखी बारीक नक्षी असते. ती नक्षी पुसून नाक गुळगुळीत होऊ लागले, काळा रंग जाऊन करडा-गुलाबी दिसू लागला किंवा कडांना व्रण पडले, तर तो साधा कोरडेपणा नसून शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच कातडीवर उलटल्याचे लक्षण असू शकते आणि असे आजार उन्हाने वाढतात. नाकाबरोबर कान, डोळ्यांभोवतीचा भाग व पंजे यांवरही खपल्या धरत असतील तर तीच शंका येते. बरी न होणारी, वाढत जाणारी जखम कर्करोगाची असू शकते. वय झालेल्या कुत्र्याच्या पंजांच्या गाद्या एकाएकी चिरून त्यांवर जाड खपल्या आल्या, तर यकृताची तपासणी करावी लागते. या सर्वांत नेमके निदान कातडीचा लहान तुकडा काढून तपासल्यावरच होते, आणि आधी स्टेरॉइडचे मलम लावलेले असेल तर त्या तपासणीचा निष्कर्ष धूसर होतो. म्हणून घरात पडलेले स्टेरॉइडचे मलम तूर्त लावून पाहू नका.

कवडसा

अबोली, मी एकच प्रश्न विचारते आणि त्याचे उत्तर आपण आजच पाहावे अशी विनंती करते. तांबूचे नाक दोन्ही बाजूंनी कोरडे आहे का?

विचारण्याचे कारण सांगते. आमच्या बारा वर्षांच्या कुत्र्याचे नाक असेच कोरडे पडले, त्यावर असाच थर आला आणि आम्ही तीन महिने मनोभावे मलम लावत राहिलो. थर मऊ व्हायचा, पुसला जायचा आणि परत यायचा. ज्यांना आम्ही दाखवले त्यांनी वयाचा परिणाम म्हणून सांगितले आणि आम्हीही ते मानले. तो डावा डोळा अर्धवट मिटून बसू लागला तेव्हा दुसऱ्या ठिकाणी नेले. तिथल्या डॉक्टरांनी टेबलावर ठेवल्या ठेवल्या म्हटले की कोरडेपणा फक्त डाव्या अर्ध्यात आहे आणि डावा डोळाही तितकाच कोरडा आहे. तोवर त्या डोळ्याच्या बुबुळावर व्रण झाला होता. व्रण भरला, पण तिथे कायमचा पांढरा डाग राहिला आणि त्या बाजूने आलेली वस्तू त्याला अखेरपर्यंत नीट दिसली नाही. तीन महिने रोज मी त्याच्या नाकाकडे पाहत होते आणि दोन अर्ध्यांमधला फरक मला दिसला नाही, कारण मी एकाच नाकाकडे पाहत होते. नाकाच्या दोन बाजू असतात, हे मनातच आले नाही.

पाहण्याची रीत सोपी आहे. कुत्रा जागा असावा आणि त्याने नुकतेच पाणी प्यालेले नसावे. टिश्यू पेपरचा तुकडा नाकाच्या एका अर्ध्यावर हलकेच टेकवावा व उचलावा, दुसरा तुकडा दुसऱ्या अर्ध्यावर. ज्या बाजूला ओलावा आहे तिथे कागदावर ओला ठसा उमटतो. मग खोलीतला उजेड कमी करून टॉर्च बाजूने धरावा आणि दोन्ही डोळ्यांमध्ये प्रकाशाचे प्रतिबिंब सारखेच स्वच्छ दिसते का ते पाहावे.

अबोली

सर्वांचे मनापासून आभार. कवडसा, आपला प्रतिसाद वाचल्यावर लगेच पाहिले. डाव्या अर्ध्यावर टेकवलेल्या कागदावर नखाएवढा ओला ठसा उमटला. उजव्या अर्ध्यावरचा कागद कोरडाच राहिला. दोनदा करून पाहिले. आता नीट पाहते तर थरही उजव्या नाकपुडीभोवतीच आहे आणि मधल्या खाचेपाशी तो जवळजवळ रेघ मारल्यासारखा संपतो. मी चार महिने सरसकट नाक कोरडे असे म्हणत आले होते.

डोळ्याचेही तसेच आहे. तिच्या उजव्या डोळ्यात सकाळी दाट, चिकट चिपडे असते आणि मी ते वयामुळे येत असेल असे समजून रोज पुसत होते. टॉर्चच्या उजेडात डावा डोळा काचेसारखा चमकला. उजव्यात प्रकाशाचा ठिपका पसरट आणि मळकट दिसला. कानाचा जो त्रास वारंवार होतो तोही उजवाच आहे. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध असू शकतो का?

श्वानवैद्य

संबंध असू शकतो, आणि कवडसा यांनी हा प्रश्न विचारला याचे मला फार बरे वाटले, कारण तो माझ्या पहिल्या प्रतिसादात असायला हवा होता.

नाकातील जी ग्रंथी मी वर सांगितली तिला आणि अश्रुग्रंथीला स्रवण्याची आज्ञा नेणारे तंतू चेहऱ्याच्या सातव्या चेतातंतूबरोबर जातात, आणि तो चेतातंतू मधल्या कानाला अगदी लागून जातो. त्या ठिकाणी दीर्घकाळ दाह राहिला तर हे तंतू दुखावतात. मग त्याच बाजूचे अश्रू आणि त्याच बाजूचा नाकातला स्राव दोन्ही थांबतात. कॉकर स्पॅनियलचे कान लांब, जड व केसाळ असल्यामुळे त्यांच्यात कानाचे दुखणे मुरण्याची शक्यता अधिक असते. काही कुत्र्यांमध्ये शोध घेऊनही कारण सापडत नाही, तर काहींमध्ये थायरॉइडची कमतरता निघते; त्यासाठी रक्ततपासणी करून घ्यावी.

कोरड्या डोळ्याचा नेहमीचा प्रकार वेगळा असतो. त्यात प्रतिकारशक्तीच अश्रुग्रंथी नष्ट करते, बहुधा दोन्ही डोळ्यांत, आणि त्यात नाक ओलेच राहते. त्यावर सायक्लोस्पोरिन किंवा टॅक्रोलिमसचे थेंब देतात. एकाच बाजूचा डोळा आणि त्याच बाजूचे नाक कोरडे असेल तर दोष ग्रंथीत नसून तिला जाणाऱ्या आज्ञेत आहे, असे समजावे. अशा कुत्र्याला पिलोकार्पिन हे औषध देतात. ते ग्रंथीला थेट चेतवते. ते डोळ्यात घालायच्या थेंबांच्या बाटलीत मिळते, परंतु या आजारात ते अन्नात मिसळून पोटात द्यायचे असते, म्हणून बाटलीवर तसे ठळक लिहून ठेवावे. चव कडू असते. मात्रा थोडीपासून सुरू करून हळूहळू वाढवतात. फार लाळ गळणे, उलटी, पातळ शौच किंवा नाडी मंद होणे ही मात्रा जास्त झाल्याची खूण आहे आणि हृदयाचे काही आजार असलेल्या कुत्र्यांना ते देता येत नाही. म्हणून ते स्वतःच्या मनाने सुरू करू नये.

अबोलीताई, नाक थांबू शकते. डोळा थांबू शकत नाही. या एक-दोन दिवसांतच तिला नेऊन तीन गोष्टी आवर्जून मागा: दोन्ही डोळ्यांतील अश्रू मोजण्याची चाचणी, बुबुळावर व्रण आहे का हे दाखवणारा हिरवा रंग टाकून केलेली तपासणी, आणि कानाच्या पडद्यापर्यंतची तपासणी. पहिल्या चाचणीत खालच्या पापणीच्या आत कागदाची पट्टी एक मिनिट ठेवतात. १५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक भिजली तर ठीक, १० च्या खाली आली तर कोरडेपणा निश्चित धरावा. त्या सकाळी डोळ्यात कोणतेही थेंब घालून नेऊ नका.

अबोली

सात आठवड्यांनी पुन्हा लिहीत आहे, कारण पुढे असाच प्रश्न घेऊन येणाऱ्यांना याचा उपयोग व्हावा.

तपासणी दुसऱ्याच दिवशी झाली. कागदाची पट्टी डाव्या डोळ्यात १७ मिलिमीटर भिजली आणि उजव्या डोळ्यात २. ती पट्टी डॉक्टरांनी माझ्या हातात दिली. टोकाला जेमतेम ओलसर रेघ होती, बाकी सगळी कोरडी. बुबुळावर व्रण नव्हता, हे ऐकून मी खुर्चीवर बसले ती काही वेळ उठलेच नाही. उजव्या कानात मात्र पडद्याच्या मागे दाह असल्याचे निघाले आणि भूल देऊन तो कान आतून धुवावा लागला. थायरॉइड ठीक आहे.

पिलोकार्पिन दोन वेळच्या जेवणातून चालू आहे. दुसऱ्या आठवड्यात मात्रा वाढवल्यावर तिची हनुवटी लाळेने भिजू लागली, म्हणून डॉक्टरांना विचारून ती एक पायरी खाली आणली. डोळ्यासाठी कृत्रिम अश्रूंची जेल दिवसातून चार वेळा घालते. नाकासाठी रानवाट यांनी सांगितल्याप्रमाणे रोज रात्री कोमट कापड आणि त्यावर अगदी पातळ जेली. नवव्या दिवशी भिजवलेल्या कापडावर थराचा एक मोठा पापुद्रा आपणहून आला, रक्ताशिवाय, आणि त्याखाली काळी, नक्षीदार कातडी दिसली. मी नख लावले होते ती जागाही भरली आहे.

गेल्या आठवड्यातील मोजणीत उजवी पट्टी ९ मिलिमीटर भिजली. टिश्यू पेपरवर उजवीकडून अजून पूर्ण ठसा येत नाही, कडेला पुसटसा ओलावा उमटतो. आता दोन प्रश्न आहेत: नाक भिजवणे रोजऐवजी एक दिवसाआड केले तर चालेल का, आणि हे औषध किती काळ द्यावे लागेल?

श्वानवैद्य

२ वरून ९ ही चांगली प्रगती आहे. औषध किती काळ द्यावे लागेल हे चेतातंतू किती सावरतो यावर अवलंबून आहे. काही कुत्र्यांमध्ये काही महिन्यांत स्राव पूर्ववत होतो आणि औषध हळूहळू कमी करता येते. काहींना ते कायम लागते. ते कधीही एकदम बंद करू नका आणि दर वेळी मात्रा कमी करण्याआधी अश्रूंची मोजणी करून घ्या. डोळ्यातील जेल मात्र मोजणी १५ च्या जवळ स्थिर होईपर्यंत एक दिवसही चुकवू नका. कान दर महिन्याला दाखवत राहा, कारण तो पुन्हा उलटला तर बाकी सर्व मेहनत मागे जाईल.

रानवाट

भिजवण्याबद्दल माझा अनुभव सांगतो. एक दिवसाआड करून पाहायला हरकत नाही, फक्त पहिले दोन आठवडे रोज सकाळी उजव्या नाकपुडीच्या वरच्या कडेवरून बोट फिरवून पाहा. थर परत धरू लागला की तो आधी तिथेच, बारीक खरखरीसारखा जाणवतो. डोळ्याला दिसायला त्यानंतर चार-पाच दिवस लागतात. खरखर लागली की पुन्हा आठवडाभर रोज करा.